जलजीवालयातील निकट छायाचित्रण

जलजीवालयातील मासे, प्रवाळ इ. जीवांची त्यांच्या मूळ आकारमानाएवढी किंवा त्याच्या जवळपासची प्रतिमा निकटदर्शी (मॅक्रो) भिंगाने मिळविण्याचे तंत्र. ३६ × २४ मिमी. चौकटीच्या कॅमेऱ्यात १:१ विवर्धन असता तेवढेच क्षेत्र चित्रात मावते. त्यामुळे माशांचे खवले, परांचे अर व प्रवाळांच्या पॉलिपांची संस्पर्शके यांचे बारकावे स्पष्ट दिसतात.

विल्यम सॅव्हिल-केंट यांनी द ग्रेट बॅरिअर रीफ ऑफ ऑस्ट्रेलिया (१८९३) या ग्रंथात ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या प्रवाळांची छायाचित्रे दिली. पुढे त्यांतील काही जागांची पुन्हा छायाचित्रे घेऊन तुलना करण्यात आली. पॉलिपांची संस्पर्शके मात्र पाण्यातच पूर्ण पसरतात; ती जवळून टिपण्यास जलजीवालय सोयीचे ठरते.

पाण्याचा प्रणमनांक सु. १.३३ व काचेचा सु. १.५२ आहे. तिरप्या दिशेने आलेले किरण काचेतून जाताना निरनिराळ्या रंगांचे घटक वेगवेगळ्या प्रमाणात वळतात व प्रतिमेच्या कडा रंगीत आणि पुसट होतात. म्हणून भिंगाचा अक्ष काचेला लंब ठेवतात व शक्यतो पुढच्या काचेजवळचा जीव निवडतात. काच आतून-बाहेरून स्वच्छ असावी लागते. खोलीत अंधार करून भिंगाभोवतीचे रबरी आवरण काचेला टेकविल्यास बाहेरील प्रतिबिंबे टळतात.

१:१ विवर्धनाला भिंगाचे छिद्र एफ/१६ इतके लहान केले, तरी सुस्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली सु. २ मिमी. एवढीच असते. छिद्र आणखी लहान केल्यास विवर्तनामुळे बारकावे पुसट होतात. शिवाय या विवर्धनाला प्रतिमेवर पडणारा प्रकाश दूरच्या वस्तूच्या मानाने सु. एकचतुर्थांश होतो. त्यामुळे हलत्या माशासाठी फ्लॅश वापरतात. तो वरून किंवा बाजूने तिरपा ठेवल्यास काचेवरील परावर्तन भिंगात शिरत नाही. माशाच्या बाबतीत सामान्यतः डोळा सुस्पष्ट ठेवतात. प्रवाळाचे चित्र घेताना कॅमेरा तिवईवर बसवून पाण्याचा पंप बंद करतात. मात्र प्रवाहातूनच प्रवाळांना ऑक्सिजन व अन्न मिळत असल्याने तो थोडाच वेळ बंद ठेवणे इष्ट असते.

रंगांची सत्यता हा या छायाचित्रणातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. प्रवाळांच्या ऊतकांतील काही प्रथिने निळा प्रकाश शोषून हिरवा, तांबडा इ. अधिक तरंगलांबीचा प्रकाश उत्सर्जित करतात (अनुस्फुरण). निळ्या दिव्यांखाली पिवळा गाळक लावून घेतलेल्या चित्रांत हे रंग फार उठावदार दिसतात. परंतु सहजीवी शैवले गमावून फिकट झालेला प्रवाळही अशा प्रकाशात तेजस्वी दिसू शकतो आणि केवळ चित्र पाहणाऱ्यास तो निरोगी वाटण्याचा संभव असतो. त्यामुळे प्रवाळाची वाढ किंवा प्रकृती नोंदविण्यासाठी पांढऱ्या प्रकाशातील चित्र आवश्यक असते. त्यात करडी रंगपट्टी व मोजपट्टी ठेवतात आणि दिव्याचा प्रकार, विवर्धन व दिनांक यांची नोंद करतात. अशी नोंद असलेली चित्रेच पुढील काळातील चित्रांशी विश्वासाने ताडून पाहता येतात.