हस्तधारी जीपीएस संचातील अंतर्गत बॅटरी

हस्तधारी जीपीएस संचातील अंतर्गत बॅटरी ही मुख्य सेल काढल्यानंतरही संचाचे घड्याळ चालू ठेवणारी आणि काही संचांत स्मृतीतील नोंदी जपणारी लहान राखीव बॅटरी होय. बहुतेक संचांत ती नाण्याच्या आकाराची असून मुद्रित परिपथावर जोडलेली असते. ती निकामी झाल्यास संच बंद पडत नाही. मात्र प्रत्येक वेळी सेल बदलताना तारीख, मांडण्या आणि जुन्या संचांत साठवलेली ठिकाणेही पुसली जाऊ शकतात.

कार्य

अंतर्गत बॅटरीवर सामान्यतः तीन गोष्टी अवलंबून असतात. पहिली म्हणजे ३२,७६८ हर्ट्झच्या स्फटिकावर चालणारे घड्याळ. दुसरी म्हणजे उपग्रहांविषयीची माहिती. यातील अल्मनॅक हे सर्व उपग्रहांच्या कक्षांचे स्थूल पंचांग असून ते काही आठवडे उपयोगी पडते. एफेमेरिस ही एकेका उपग्रहाची नेमकी कक्षामाहिती असून ती साधारण चार तास ग्राह्य असते. तिसरी म्हणजे वापरकर्त्याने साठवलेली ठिकाणे, म्हणजेच वेपॉइंट, आणि चाललेल्या मार्गांच्या नोंदी. १९९० च्या दशकातील अनेक संचांत या नोंदी सतत वीजपुरवठा लागणाऱ्या स्मृतीत असत. नंतरच्या संचांत त्या फ्लॅश स्मृतीत ठेवल्या जाऊ लागल्या, त्यामुळे बॅटरी गेली तरी त्या सहसा टिकतात.

बिघाडाची कारणे

या जागी पुनर्भारणक्षम लिथियम सेल, एकदाच वापरायचा लिथियम सेल किंवा मोठ्या क्षमतेचा धारित्र वापरलेला आढळतो. पुनर्भारणक्षम सेल मुख्य सेलांकडूनच भारित होतो. संच अनेक महिने सेलांविना कपाटात पडून राहिल्यास तो पूर्ण रिकामा होतो आणि अशी अवस्था लांबल्यास त्याची भारधारणक्षमता कायमची घटते. उलट, अल्कलाइन सेल दीर्घकाळ आत ठेवल्यास ते गळून संपर्कपट्ट्या गंजतात. त्यामुळे संच साठवताना सेल काढून ठेवणे आणि ठरावीक काळाने ते बसवून संच भारित करणे, असा मध्यममार्ग अवलंबला जातो.

उष्णतेने सेलाचे रासायनिक वार्धक्य वेगाने होते. जालना जिल्ह्यात उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि उन्हात उभ्या वाहनाच्या आतील तापमान त्याहून बरेच अधिक असते. अशा वाहनात संच ठेवणे टाळावे लागते.

लक्षणे

सेल बदलल्यावर तारीख व वेळ चुकणे, भाषा आणि मापनपद्धती मूळ स्थितीला जाणे, वेपॉइंट नाहीसे होणे आणि स्थान मिळण्यास प्रत्येक वेळी बराच विलंब लागणे ही प्रमुख लक्षणे होत. संपूर्ण अल्मनॅक प्रसारित होण्यास १२.५ मिनिटे लागतात. म्हणून स्मृती रिकामी झालेला संच मोकळ्या आकाशाखाली १५ ते २० मिनिटे स्थिर ठेवावा लागतो. काही जुन्या संचांना अंदाजे स्थानही द्यावे लागते. जालना शहरासाठी ते सुमारे १९° ५०′ उत्तर, ७५° ५३′ पूर्व असे आहे.

तारखेची चूक आठवडा-क्रमांकामुळेही होते. जीपीएसच्या मूळ संदेशातील हा क्रमांक १० बिटांचा असल्याने दर १,०२४ आठवड्यांनी तो शून्यावर येतो. असे ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये घडले. तारीख सुमारे १९.६ वर्षे मागे दिसत असेल, तर दोष बॅटरीचा नसून संचातील आज्ञावलीचा असण्याची शक्यता अधिक असते.

नोंदींवरील परिणाम

जालना जिल्ह्यात गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांची खोरी आहेत, तसेच कडवंचीसारखी पाणलोट कामांसाठी परिचित गावे आहेत. अशा भागात विहिरी, बंधारे व शेततळी यांची स्थाने नोंदवलेला संच रिकामा झाल्यास तीच पायपीट पुन्हा करावी लागते. मांडण्या बदलल्याचा धोका अधिक सूक्ष्म असतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर आधारित आहेत, तर संच मूळ स्थितीत डब्ल्यूजीएस ८४ हा आधार वापरतो. हा फरक ध्यानात न घेतल्यास नकाशावरील स्थान शेकडो मीटरने सरकू शकते आणि संच कोणतीही सूचना देत नाही. म्हणून स्मृती पुसल्यानंतर आधार, निर्देशांकांची पद्धत आणि +५:३० हा वेळेतील फरक तपासणे आवश्यक ठरते. यूटीएम पद्धतीत जालना ४३ व्या उत्तर विभागात येते.

उपाय

प्रथम सर्व नोंदी तारेने जोडून संगणकावर उतरवून घेतात. ही सोय नसल्यास वहीत लिहून घेतात. त्यानंतर ताजे सेल बसवून किंवा बाह्य वीज देऊन संच एक-दोन दिवस ठेवतात. काही संचांत अंतर्गत बॅटरी केवळ संच चालू असतानाच भारित होते, त्यामुळे माहितीपुस्तिका पाहणे इष्ट असते. मग मुख्य सेल रात्रभर काढून ठेवतात. सकाळी वेळ अचूक असल्यास बॅटरी कार्यक्षम मानता येते. अन्यथा ती बदलावी लागते.

बदलताना पुढील काळजी घेतली जाते :

• नवा सेल मूळ सेलाच्याच प्रकाराचा असावा. पुनर्भारणक्षम एमएल प्रकाराच्या जागी तशाच आकाराचा सीआर प्रकार बसवल्यास संच त्याला भारित करू पाहतो आणि सेल गळण्याचा किंवा फुटण्याचा धोका असतो.
• सेलाच्या पृष्ठावर थेट डाग देऊ नये. धातूच्या पट्ट्या आधीच जोडलेला सेल वापरावा व धन-ऋण बाजू तपासावी.
• संच उघडल्याने जलरोधक झडप सैल होऊ शकते. रबरी पट्टी खराब असल्यास बदलावी.
• बटन सेल गिळल्यास अन्ननलिकेला गंभीर इजा होते, म्हणून सुटे सेल मुलांपासून दूर ठेवावेत.

भारतात वापरलेल्या बॅटऱ्यांची विल्हेवाट बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार केली जाते; त्या घरगुती कचऱ्यात टाकणे योग्य नाही.