झोपेची वेळ लागत नाही? आधी उठायची वेळ पक्की करा

बेळगाव : रात्री साडेनऊला शटर ओढायचं, हिशेब लावायचा, घरी पोचेपर्यंत दहा. बाजारपेठेत दुकान असलेल्या कितीतरी घरांत जेवणाची पानं साडेदहाला मांडली जातात. बाबांची वाट बघत मुलंही जागी असतात. मग थोडा टीव्ही, थोडा मोबाईल आणि बारा कधी वाजले ते कळत नाही. सकाळी सातला शाळेची व्हॅन दारात उभी. सहाला मुलाला उठवायचं म्हणजे घरात रोजची वादावादी ठरलेली.

आता साधा हिशेब करू. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज 9 ते 12 तास झोप लागते, तेरा ते अठरा वर्षांच्यांना 8 ते 10 तास आणि मोठ्यांना किमान 7 तास. म्हणजे सहाला उठणारा दहावीचा मुलगा दहाला झोपलेला हवा. तो बाराला झोपत असेल तर रोज दोन तास कमी पडतात. सोमवार ते शनिवार मिळून बारा तास झाले. दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसायला झोप लागते, त्यामुळे परीक्षेच्या दिवसांत ही तूट जास्तच महागात पडते.

ही तूट रविवारी दहापर्यंत झोपून भरून काढायची, असा बहुतेक घरांचा हिशेब असतो. चूक तिथेच होते. शरीरात एक घड्याळ असतं. ते पेशींच्या आत कसं चालतं, हे शोधणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं. हे घड्याळ मुख्यतः सकाळच्या उजेडावर लागतं. रविवारी दहाला उठलं की ते मागे पडतं, रात्री झोप येत नाही आणि सोमवारी पुन्हा तीच ओढाताण. म्हणून झोपायची वेळ लावायची असेल तर आधी उठायची वेळ पक्की करावी, रविवारसकट. फार तर तासभर सूट. उठल्यावर थोडा वेळ गच्चीत किंवा अंगणात उजेडात जावं.

मग रात्रीचा क्रम. झोपण्याआधीच्या अर्ध्या-पाऊण तासात तीच तीन-चार कामं रोज त्याच क्रमाने करायची : दप्तर भरून ठेवणं, कोमट पाण्याने हातपाय धुणं, दात घासणं, मोठा दिवा बंद करून थोडं वाचन किंवा गप्पा. कामं कुठली यापेक्षा क्रम न बदलणं महत्त्वाचं. मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावावा, आणि तो मोठ्यांचाही. आईबाबा अंथरुणात रील्स बघताना मुलांना उपदेश केला तर ती ऐकणार नाहीतच. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री अकरालाही शरीरात असू शकतं. दुकानात सातला चहा मागवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

खरी अडचण जेवणाची आहे. मुलांना आठला जेवायला घातलं तर बाबांची आणि त्यांची भेटच होत नाही. कितीतरी घरांत दिवसातला एकत्र वेळ तेवढाच असतो, तो सोडा म्हणणं सोपं नाही. पण एकत्र बसणं सकाळच्या नाश्त्यावर आणता येतं, त्यासाठी बाबांनीही सहाला उठायला हवं. निदान शाळेच्या दिवसांत तरी हे करून बघण्यासारखं आहे.

बाराची वेळ एकदम दहावर येणार नाही. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणावी, तीन आठवडे तरी लागतील. पडल्यावर वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर तळमळत राहू नये. उठून मंद उजेडात बसावं आणि पेंग आली की परत पडावं.

उद्यमबागसारख्या औद्योगिक वसाहतीत पाळी बदलणाऱ्या कामगारांना मात्र एकच वेळ धरता येत नाही. त्यांनी निदान क्रम तरी तोच ठेवावा आणि दिवसा झोपताना खोलीत जाड पडदे लावून अंधार करावा. आणि पुरेसे तास झोपूनही दिवसा डुलक्या येत असतील, रात्री जोरात घोरताना मध्येच श्वास अडकत असेल, तर क्रम लावून भागणार नाही. तिथे डॉक्टरांनाच दाखवावं लागेल.