पिकअपची पाणसळ



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बीदरहून जहिराबादकडे आम्ही गाडीने येत होतो. दिवस मावळून गेला होता. समोरून एक पिकअप आली आणि तिच्या दिव्यांचा झोत आमच्या चालकाच्या थेट डोळ्यांवर आला. दोन-तीन क्षण रस्ता, कडेची झाडे, काहीच दिसेना. झोत सरला तेव्हा सायकल हातात धरून कडेने चाललेला एक मनुष्य आमच्या गाडीपासून जेमतेम दोन हातांवर होता. चालकाने वेग आधीच कमी केला होता, म्हणून अनर्थ टळला. मी संतापून म्हणाले, ‘‘दिवे खाली करायला यांचे काय जाते?’’ चालक शांतपणे म्हणाला, ‘‘बाई, दिवे खालीच होते. गाडीचे नाक वर होते.’’

ते वाक्य मनात घोळत असतानाच माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. संगारेड्डीच्या बाजूने भाजीपाला भरून तो हैदराबादेत बोइनपल्लीच्या बाजारात आणतो. नवी पिकअप घेतली होती. पेढे पुढे ठेवून म्हणाला, ‘‘बाई, गाडी चांगली आहे, पण मान खाली घालून उभी राहते. पुढून दोन इंच उचलून देणारे लेव्हलिंग किट मिळते म्हणतात. तुम्ही आम्हांला पदार्थविज्ञान शिकविले आहे. तुम्हीच सांगा, कोणते घेऊ?’’ त्याला जे सांगितले तेच आज आपल्यापुढे मांडते.

पहिला प्रश्न असा, की गाडी मान खाली का घालते? आपल्याकडे बैलगाडी भरणाऱ्या माणसाला याचे उत्तर ठाऊक असते. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांना ओढ लागत नाही. म्हणून तो भरतानाच तोल पाहतो. पिकअप बनविणाराही हाच विचार करतो. माल मागच्या हौद्यात पडणार, मागचे पाटे दबणार, हे त्याला ठाऊक असते. म्हणून रिकामी गाडी तो मागून थोडी उंच ठेवतो. रिकाम्या गाडीचा हा उतार म्हणजे दोष नव्हे, ती येणाऱ्या ओझ्यासाठी राखलेली जागा आहे.

अमेरिकेत पुष्कळ लोक पिकअप घरच्या मोटारीसारखी वापरतात. हौदा बहुधा रिकामाच असतो. तेथे हा उतार डोळ्यांना खुपतो, पुढे रुंद चाके बसविण्याची हौस असते, आणि त्यातून लेव्हलिंग किटांची चाल पडली. आपल्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ साली व टोयोटाची हायलक्स २०२२ साली आली आणि ही हौस येथेही रुजली. या दोन्ही गाड्यांना पुढे दुहेरी विशबोन व गुंडाळी स्प्रिंग आणि मागे पाटे अशी रचना आहे. आपल्याकडच्या मालवाहू पिकअपांपैकी कित्येकींना मात्र पुढेही पाटेच असतात. अशा गाडीला मी पुढे सांगणार आहे त्यांपैकी एकही किट लागू पडत नाही. तेव्हा किट पाहण्याआधी गाडीखाली वाकून पुढची रचना पाहावी.

किटचे प्रकार मुख्यतः चार. पहिल्यात स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर यांच्या जोडणीच्या माथ्यावर धातूची किंवा कठीण प्लॅस्टिकची जाड चकती बसवितात. हिला स्पेसर म्हणतात. स्प्रिंग तीच राहते, त्यामुळे तिचा कडकपणा बदलत नाही. येथे तरफेचा नियम ध्यानात ठेवावा. स्प्रिंगचा पाय खालच्या बाहूच्या मध्याजवळ टेकलेला असतो आणि चाक त्या बाहूच्या टोकाला असते. म्हणून चकती जेवढी जाड, त्याच्या सुमारे दुप्पट गाडी उचलली जाते. ‘दोन इंचांचे किट’ म्हणून हाती एकच इंचाची चकती आली, तर दुकानदाराने फसविले असे समजू नये. आणि दोन इंच हवेत म्हणून दोन इंचांची चकती तर मुळीच बसवू नये.

दुसऱ्या प्रकारात चकती स्प्रिंगवरच बसते आणि स्प्रिंग अधिक दाबून ठेवते. गाडी वर येते. पण चाकाला खड्ड्यात खाली उतरायला पूर्वीइतकी मोकळीक उरत नाही, म्हणून धक्का कडक लागतो. ही चकती बसविताना दाबलेली स्प्रिंग सोडवावी लागते. योग्य साधनाशिवाय ती निसटली तर माणूस जायबंदी होतो. तिसरा प्रकार काही जुन्या गाड्यांपुरता, ज्यांना स्प्रिंगेऐवजी पीळ घेणारा पोलादी दांडा असतो. त्याचा बोल्ट आवळला की गाडी उचलते. खर्च थोडा, मात्र चाकाची मोकळीक येथेही घटते. चौथा प्रकार म्हणजे त्या उंचीसाठीच घडविलेली स्प्रिंग व शॉकअब्सॉर्बर यांची पूर्ण नवी जोडी. ही सर्वांत महाग आणि सर्वांत निर्दोष. वापरून स्प्रिंगच थकली असेल, तर चकती घालून तिला उभे करू नये, नवी स्प्रिंग घालावी.

प्रकार कोणताही असो, पुढचा भाग उचलला की चाकांचे कोन बदलतात. व्हील अलाइनमेंट पुन्हा करून घेतले नाही, तर टायर एका कडेने झिजतो. चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीत पुढच्या आसांचे सांधे अधिक वाकून फिरतात व लवकर खराब होतात. ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, हे चाक अधांतरी लोंबकळवून पाहावे लागते. बॉनेट उचलल्यामुळे गाडीच्या अगदी पुढचा, चालकाला न दिसणारा पट्टाही थोडा लांबतो. दारात खेळणाऱ्या लेकरांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

आता दिव्यांकडे वळू. डिप केलेला प्रकाश दर मीटरला साधारण एक ते दीड सेंटिमीटर खाली उतरेल, असा हेडलाइट लावलेला असतो. समोरच्याचे डोळे वाचतात ते या एवढ्याशा उतारामुळे. पिकअपच्या दोन आसांत सुमारे ३.१ मीटर अंतर असते. पुढचे टोक ५ सेंटिमीटर उचलले, की झोत दर मीटरला १.६ सेंटिमीटर वर जातो. म्हणजे तो सारा उतार पुसला गेला! पंचवीस मीटरांवर झोत चाळीस सेंटिमीटरांहून अधिक वर चढतो आणि डिपर दाबूनही समोरचा चालक आंधळा होतो. बीदरच्या वाटेवर आमच्या चालकाने बोलून दाखविले ते हेच गणित होते.

विद्यार्थ्याला मी म्हटले, ‘‘किट नंतर, आधी गवंड्याची पाणसळ आण.’’ गाडी सपाट फरशीवर रिकामी उभी केली, टायरांत ठरलेली हवा भरली आणि दाराखालच्या सरळ पट्टीवर एक मीटर अंतराचे दोन बिंदू घेतले. पुढचा बिंदू १२ मिलिमीटर खाली होता. आसांच्या अंतराला हा फरक सुमारे ३७ मिलिमीटर, म्हणजे दीड इंच पडतो. मग नेहमीचा माल भरून पुन्हा मोजले. आता मागचा बिंदू ३ मिलिमीटर खाली गेला होता. भरलेली गाडी जवळजवळ पाणसळीत होती, किंबहुना किंचित उलाळच. दोन इंचांचे किट बसविले असते, तर रोज पहाटे बाजाराला निघताना तिचे नाक सहा सेंटिमीटर वर राहिले असते. आकडे कागदावर मांडले तेव्हा तो स्वतःच म्हणाला, ‘‘बाई, गाडी मान खाली घालते ती ओझे घेण्यासाठी!’’

मग किट कोणी घ्यावे? ज्याची गाडी बहुतेक वेळा रिकामी धावते, ज्याला कच्च्या वाटेने जाताना पुढचा भाग घासतो, त्याने. त्यानेही मोजलेला सगळा उतार भरून काढू नये; थोडा शिल्लक ठेवावा. किट आपल्याच गाडीच्या नमुन्यासाठी व सालासाठी बनविलेले असावे. वर्कशॉपमध्ये लोखंडाचे तुकडे जोडून केलेली चकती स्वस्त पडते. पण तिच्यावर गाडीचे सुकाणू आणि माणसाचा जीव तोलायचा असतो. किट बसविल्यावर काहीशे किलोमीटरांनी सर्व बोल्ट पुन्हा तपासून घ्यावेत.

कायद्याकडेही डोळेझाक करून चालणार नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतील फेरफारांवर बंधन घालते. निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही शिक्षा ठेवल्या आहेत. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे विचारणा करावी आणि उत्तर लेखी घ्यावे.

ज्यांच्या गाडीला किट आधीच बसले आहे, त्यांनी आज संध्याकाळी एक काम करावे. सपाट जागी, भिंतीपासून दहा मीटरांवर गाडी उभी करून डिपचा प्रकाश पाडावा. प्रकाशाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. तशी नसेल तर दिवे खाली लावून घ्यावेत. काही गाड्यांत माल भरल्यावर झोत खाली करण्याची चकरी चालकासमोरच असते. पुष्कळांनी तिला कधी हातही लावलेला नसतो.

माझ्या विद्यार्थ्याने किट घेतले नाही. ती चकरी मात्र तो आता रोज माल भरला की फिरवितो. बीदरच्या वाटेवर सायकल हातात धरून चालणाऱ्या त्या मनुष्याची गोष्ट मी त्याला सांगितली होती.