ब्रेकमधले पाणी

मोटार रस्त्यावर नीट चालते म्हणजे ती शर्यतीस योग्य झाली, असे नव्हे. अमेरिकेतील हौशी शर्यतींत माझदा मिआटा ही १९८९ साली आलेली दोन आसनांची उघडी मोटार फार दिसते. अशा गाडीतला मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते. डॉट ४ जातीचे ताजे तेल २३० अंश सेल्सिअसच्या आत उकळू नये, असा दंडक आहे. तीनचार टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १५५ वर येते. गावातल्या चालीत एवढी उष्णता होत नाही, म्हणून दोष झाकून राहतो. शर्यतीत वळणावळणाला ब्रेक दाबला की तेलाला उकळी फुटते. तेल दबत नाही, वाफ दबते. पेडल तळाला जाते आणि गाडी थांबत नाही! म्हणून तेल आधी बदलावेच.

टायरचे वय नक्षीवरून कळत नाही. बाजूचे चार आकडे वाचावेत; २३१५ म्हणजे २०१५ चा तेविसावा आठवडा.

बॉयलरची तपासणी कोणी धन्याच्या शब्दावर सोडत नाही. इथेही तपासनीस दुसराच हवा. त्याने चाक उचलून वरखाली हलवावे. खडखडले तर त्या दिवशी गाडी उभी ठेवावी.