निर्णयक्षमतेचा सराव : अंदाज नव्हे, हिशेब

व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षांत केवळ आकडेमोडीचा वेग पुरत नाही. जमशेदपूरच्या एक्सएलआरआय संस्थेमार्फत घेतल्या जाणाऱ्या ‘झॅट’मध्ये निर्णयक्षमतेचे प्रश्न असतात, तर ‘कॅट’मध्ये माहितीचे विश्लेषण व तर्कसंगती यांवर भर असतो.

निर्णयविषयक उतारा वाचताना निर्णय कोणाला घ्यायचा आहे, त्याचा परिणाम कोणावर होणार आणि प्रत्यक्षात कोणती माहिती दिली आहे, हे आधी पाहावे. स्वतःची गृहीतके त्यात मिसळू नयेत.

प्रश्न सोडवावा की सोडून द्यावा, हाही निर्णयच. ‘कॅट’च्या बहुपर्यायी प्रश्नात बरोबर उत्तरास ३ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराचा १ गुण वजा होतो. निव्वळ अंदाजाने ४ प्रश्न सोडविल्यास सरासरी १ बरोबर, ३ चूक. म्हणजे लाभ शून्य. प्रत्येक प्रश्नातील एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर ३ प्रश्नांत सरासरी १ बरोबर, २ चूक. म्हणजे १ गुणाचा लाभ.

म्हणूनच सराव परीक्षेत प्रत्येक उत्तरापुढे ‘खात्री’, ‘तर्क’ किंवा ‘अंदाज’ अशी नोंद करावी. आपला कोणता अंदाज महागात पडतो, हे त्यातूनच उमगते.