शेततळ्यातल्या माशांना उवा लागल्यात? औषध ओतण्याआधी हे वाचा

बीड : जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत शेततळ्यांची संख्या चांगलीच वाढली. 2016 पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेतून गावोगावी तळी झाली. डाळिंब, मोसंबी, सीताफळाला पाणी मिळावं म्हणून खोदलेल्या या तळ्यांत बऱ्याच शेतकऱ्यांनी जोडधंदा म्हणून रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस सोडले. पण पाणी कमी झालं, तळ्यात माशांची गर्दी झाली की एक तक्रार हमखास येते : मासे तळ्याच्या कडेला अंग घासतायत, उड्या मारतायत, खाद्य खात नाहीत. जवळून पाहिलं तर अंगावर लाल ठिपके दिसतात. असा मासा व्यापारी एक तर घेत नाही, नाहीतर भाव पाडून मागतो.

अशा वेळी बहुतेक जण घरात पडलेलं कापसाच्या फवारणीचं औषध अंदाजाने तळ्यात टाकतात. किडा मरतो की नाही ते नंतर कळतं, मासे मात्र सकाळी तरंगताना दिसतात. म्हणून आधी किडा ओळखायचा, मग पाणी मोजायचं आणि औषधाचं सगळ्यात शेवटी बघायचं.

आधी खात्री करा, हा किडाच आहे का?

मासे पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करतात, याची कारणं दोन असू शकतात.

पहाटे सगळेच मासे एकदम वर आले आणि ऊन पडल्यावर खाली गेले, तर तो बहुधा प्राणवायूचा प्रश्न असतो. रात्री शेवाळ आणि मासे दोघंही प्राणवायू वापरतात, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. इथे औषधाची गरज नाही. मोटर लावून पाणी उंचावरून तळ्यात पाडा, दोन दिवस खाद्य बंद ठेवा आणि मासे जास्त झाले असतील तर थोडे काढून विका.

पण थोडेच मासे दिवसभर वर राहत असतील, पाणी पडतं त्या कोपऱ्यात गोळा होत असतील, अंग घासत असतील, तर किड्याचा संशय घ्यायला हरकत नाही.

संशय आला की तळ्याच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत फेकजाळं टाका आणि दहा-पंधरा मासे जिवंत धरा. पांढऱ्या टबात तळ्याचंच पाणी घेऊन त्यात ते सोडा. मेलेला मासा तपासून फारसं काही कळत नाही, कारण मासा मेला की बरेचसे किडे त्याला सोडून जातात. मासा हातात घेऊन पंखांची मुळं, पोटाखालचा भाग आणि डोक्याची मागची बाजू बघा. मग कल्ल्याचं झाकण उचला. निरोगी कल्ला लालभडक असतो. फिकट, चिकट किंवा कुठेकुठे पांढरा पडलेला दिसला तर आत काहीतरी बिघडलेलं आहे.

नुसत्या डोळ्यांनी ओळखता येणारे तीन

माशाची ऊ (आर्गुलस) : चपटी, गोल, जवळपास पारदर्शक, डाळीच्या दाण्याएवढी किंवा त्याहून लहान. अंगावर बोट फिरवलं तर सरकते, टबात पडली की पोहते. ही डोक्यातल्या उवेच्या जातीची नाही, कोळंबी आणि खेकड्याच्या नात्यातली आहे. सुईसारखं तोंड खुपसून ती रक्त आणि अंगद्रव ओढते. लाल ठिपके पडतात ते तिथेच, आणि त्या जखमांतून पुढे दुसरे रोगही शिरतात. आपल्याकडच्या माशांत रोहूला ती जास्त धरते.

नांगर किडा (लर्निया) : खवल्यामधून बाहेर आलेला दोऱ्याचा तुकडा असावा तसा दिसतो. डोकं नांगरासारखं मांसात रुतलेलं असतं. नुसता ओढला तर तुटतो आणि डोकं आतच राहतं. कटल्यात जास्त आढळतो.

पांढरे ठिपके (इक) : अंगावर आणि पंखांवर रवा शिंपडल्यासारखे दाणे दिसतात. हा रोग पाणी गार असताना, म्हणजे आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत जास्त जोर धरतो. उन्हाळ्यात पाणी तापलं की कमी होतो.

यातलं काहीच दिसत नाही, पण मासा अंग घासतोय आणि कल्ले चिकट झालेत, तर किडा डोळ्याला न दिसणारा आहे. तिथे सूक्ष्मदर्शकच लागतो. जिवंत माशाच्या अंगावरचा चिकट थर काचपट्टीने डोक्याकडून शेपटीकडे हलक्या हाताने खरवडायचा, तळ्याच्या पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि लगेच बघायचं. दातेरी चाकासारखं गरगर फिरणारं काही दिसलं तर तो ट्रायकोडिना. जळूसारखं लांब-आखूड होणारं दिसलं तर कल्ल्याचे किंवा कातडीचे चपटे कृमी. हे काम जाणकाराकडून करून घेतलेलं बरं. जिल्ह्यात अंबाजोगाई आणि खामगाव (ता. गेवराई) इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत, आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यात उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. जाण्याआधी फोन करा. नमुना मेलेला नेऊ नका, तळ्याच्याच पाण्यात जिवंत न्या.

एकदा औषध टाकून किडा का संपत नाही?

उवेची मादी माशाला सोडून दगड, काटक्या, पाणगवत किंवा तळ्याच्या प्लास्टिकवर ओळीने शेकडो अंडी चिकटवते. औषधाने माशावरची ऊ मेली तरी अंडी तशीच राहतात. कोमट पाण्यात साधारण दोन आठवड्यांत ती फुटतात, गार पाण्यात जास्त दिवस लागतात. मग नवी पिल्लं मासा शोधत फिरतात. 'औषध टाकलं, आठ दिवस बरं वाटलं, परत तेच' असं लोक म्हणतात त्याचं कारण हे.

पांढऱ्या ठिपक्याचंही तसंच. कातडीखाली बसलेल्या दाण्याला औषध लागत नाही. तो मोठा होऊन गळून पडतो, तळाशी कवच करतो आणि त्यातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. औषध लागू पडतं ते या मोकळ्या पिल्लांना. म्हणजे ठिपके गेले म्हणून रोग गेला असं समजू नका. उपचार ठरावीक दिवसांनी परत करावाच लागतो.

मोबाईलवरचा व्हिडिओ तुमच्या तळ्यासाठी नाही

पांढऱ्या ठिपक्यांवर इलाज शोधला की बरेच व्हिडिओ काचेच्या टाकीतल्या रंगीत समुद्री माशांचे निघतात. मुंबईत 1951 साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयासारख्या ठिकाणी खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत असे मासे ठेवत. त्यांनाही पांढरे ठिपके होतात, दिसायलाही अगदी तसेच. पण तो किडा वेगळा, नाव क्रिप्टोकॅरिऑन.

खाऱ्या पाण्यातल्या किड्याला मीठ काहीच करत नाही, तो मिठातच वाढलेला असतो. तिथे उलट पाण्यातला खारेपणा कमी करतात, किंवा मासा वेगळ्या टाकीत ठेवून रोज मोजून तांब्याचं औषध देतात. समुद्री माशाच्या अंगावर वरवर चिकटलेले चपटे कृमी तर नुसत्या गोड्या पाण्यात पाच मिनिटं ठेवल्यावर गळून पडतात. आपल्याकडे गोड्या पाण्यातल्या किड्याला मीठ सहन होत नाही. तत्त्व दोन्हीकडे एकच : किड्याला सवय नसलेलं पाणी थोडा वेळ द्यायचं, आणि ते माशाला झेपेल इतकंच.

तांब्याचं औषध मात्र बघून बघून आपल्या तळ्यात टाकू नका. ते किती विषारी ठरेल हे पाण्यातल्या क्षारांवर अवलंबून असतं. दुसरं म्हणजे रंगीत माशांच्या दुकानातल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या काही औषधांत मॅलॅकाइट ग्रीन असतं. खाण्याच्या माशांसाठी त्याच्या वापराला बंदी आहे. ते माशाच्या मांसात राहतं.

पाणी मोजल्याशिवाय औषध नाही

योजनेतलं 30 बाय 30 बाय 3 मीटरचं तळं घ्या. बरेच जण सरळ गुणाकार करतात : 2700 घनमीटर, म्हणजे 27 लाख लिटर. पण तळ्याच्या बाजू उतरत्या असतात. उतार दीडास एक धरला तर तळाची बाजू 21 मीटरच राहते आणि पूर्ण भरलेल्या तळ्यात साधारण 1971 घनमीटर पाणी बसतं. उन्हाळ्यात पाणी दीड मीटरवर आलं की ते निम्मंही राहत नाही, 813 घनमीटरच्या आसपास येतं.

आता हिशेब बघा. पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे जांभळे खडे, तळ्यासाठी साधारणपणे दर 1000 लिटर पाण्याला 2 ग्रॅम सांगतात. दीड मीटर पाणी असेल तर दीड किलोहून थोडं जास्त, म्हणजे 1.6 किलो लागेल. तोच हिशेब 2700 वर केला तर 5.4 किलो पडेल, तिपटीहून जास्त. मासे मरतात ते अशा चुकीने.

हे औषध बाहेरच्या बारीक किड्यांवर आणि जखमांवर उपयोगी आहे. उवेच्या अंड्यांवर त्याचा भरवसा नाही. द्यायचंच तर ऊन असलेल्या दिवशी सकाळी, बादलीत पूर्ण विरघळवून, तळ्यावर सगळीकडे सारखं शिंपडा. मोटर किंवा एअरेटर तयार ठेवा. त्याआधी टबात तळ्याचं पाणी आणि चार-पाच मासे घेऊन त्याच प्रमाणात औषध टाकून काही तास बघा. टबात मासे टिकले तरच तळ्याकडे वळा.

मिठाची गोष्ट वेगळी. 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम जाडं मीठ घालून मासा दोन-तीन मिनिटं बुडवायचा. कलंडायला लागला की लगेच चांगल्या पाण्यात काढायचा. बोटुकली सोडण्याआधी हा उपाय उत्तम. पण हेच प्रमाण 813 घनमीटरच्या तळ्यात करायचं म्हटलं तर 16 टन मीठ लागेल, आणि ते पाणी ठिबकमधून फळबागेला गेलं तर बाग जाईल. म्हणून मीठ टबातच.

कापसावरची कीटकनाशकं तळ्यात का नकोत, हे आता लक्षात आलं असेल. ऊ मरेल आणि मासा जगेल यातलं अंतर फार कमी असतं. लेबलवरचं प्रमाण एकराचं असतं, पाण्याचं नाही. त्याच तळ्यावर जनावरं पाणी पितात. उवेवर औषध द्यायची वेळ आलीच तर ते मत्स्यव्यवसाय अधिकारी किंवा मत्स्यतज्ज्ञाने लिहून दिलेलंच द्या. परत कधी द्यायचं आणि त्यानंतर किती दिवस मासे विकायचे नाहीत, हे दोन प्रश्न त्यांना नक्की विचारा.

बिनऔषधी उपाय, खर्च जवळजवळ शून्य

1. तळ्यात बांबू किंवा लाकडी फळ्या उभ्या बुडवून ठेवा. उवा त्यांवर अंडी घालतात. आठवड्याला फळ्या बाहेर काढून कडक उन्हात वाळवा आणि परत लावा.

2. पाणगवत आणि पडलेल्या काटक्या काढून टाका. अंडी घालायला जागा जितकी कमी तितकं बरं.

3. उन्हाळ्यात तळं आटलं तर ती संधी समजा. मासे काढून विका आणि तळ पूर्ण वाळू द्या. प्लास्टिक असेल तर घासून उन्हात सुकू द्या, मातीचं तळं असेल तर चुना टाका.

4. एका तळ्याचं जाळं दुसऱ्या तळ्यात ओलं नेऊ नका, वाळवूनच वापरा.

5. बाहेरून आणलेली बोटुकली थेट तळ्यात सोडू नका. आधी टबात तपासा, मिठाच्या पाण्यातून काढा, मग सोडा.

6. पाणी कमी होत असेल तर मासेही कमी करा. गर्दीत किड्याला पुढचा मासा लगेच सापडतो.

माजलगाव किंवा मांजरा प्रकल्पासारख्या मोठ्या जलाशयात औषध टाकण्याचा विचारही करू नका. तिथे बोटुकली तपासून सोडणं आणि जाळी वाळवणं एवढंच आपल्या हातात आहे.

मासा खायला चालतो का?

माशाची ऊ माणसाला लागत नाही. मासा साफ करून नीट शिजवला तर या उवेची भीती नाही. भीती आहे ती चुकीच्या औषधाची. औषध टाकलेल्या तळ्यातला मासा ठरलेले दिवस संपेपर्यंत विकू नका, घरातही खाऊ नका.

कुठे कळवायचं?

बीडच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय कार्यालयात कळवा. याशिवाय केंद्र सरकारने जून 2023 मध्ये 'रिपोर्ट फिश डिसीज' हे मोबाईल ॲप सुरू केलं आहे, त्यावरही माशांच्या रोगाची माहिती देता येते. कळवताना फोटोसोबत तळ्याचं माप, आजची पाण्याची खोली, मासे कधी सोडले, किती मेले आणि आतापर्यंत तळ्यात काय काय टाकलं, हे सगळं लिहा. शेवटची गोष्ट लपवू नका, इलाज त्यावरच ठरतो.

शेजाऱ्याच्या तळ्यातही मासे असतील तर ही माहिती त्याला पाठवा. जाळं आणि बोटुकली दोघांची एकच असेल, तर किडाही दोघांचा एकच.