‘योग्या’ : एका विस्मृत संज्ञेचा मागोवा

‘अभ्यास झाला’ असे विद्यार्थी म्हणतो तेव्हा पुस्तक वाचून झाले, एवढेच आपण समजतो. मराठीने या शब्दाला बरेच आखडून टाकले आहे. अभि आणि अस् (टाकणे) यांपासून सिद्ध झालेल्या या शब्दात पुनःपुन्हा करणे अभिप्रेत आहे. चरकाचार्यांनी परादि गुणांत त्याची गणना करून सततक्रिया हा पर्यायही दिला (सूत्रस्थान, अध्याय २६). अभ्यास वाचनापुरता उरला आणि हाताच्या कामास आपण ‘प्रात्यक्षिक’ म्हणू लागलो. त्याचे मूळ मात्र ‘प्रत्यक्ष’, म्हणजे इंद्रियांसमोर असलेले. म्हणूनच प्रात्यक्षिक ‘दाखविले’ व ‘पाहिले’ जाते. करणारा एक आणि पाहणारे तीस!

सुश्रुताचार्यांची संज्ञा अधिक नेमकी आहे : योग्या. युज् धातूपासून आलेल्या या स्त्रीलिंगी नामाचा आपल्या ‘योग्य’ शब्दाशी सख्खा संबंध आहे. योग्या केल्याने मनुष्य कर्मास योग्य होतो. सूत्रस्थानाचा ९ वा अध्याय याच विषयाचा. छेदनासाठी कोहळा, दुध्या, काकडी, वेधनासाठी मृत पशूंच्या सिरा व कमळाचे देठ, सीवनासाठी वस्त्र व मृदू चर्म, बंधनासाठी पुतळा. बस्तिपीडनासाठी तर बाजूस छिद्र असलेला, पाण्याने भरलेला घट सांगितला आहे.

आपल्या परिसरातील वाचकांना हे नवे वाटू नये. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत जाणारा फिटर आय.टी.आय.मध्ये प्रथम कानशीने लोखंडाचा तुकडा घासून काटकोनात आणतो. तो तुकडा कोणत्याही यंत्रात बसत नाही. तो केवळ हातासाठी असतो. त्याच पट्ट्यातील कामगार कंबरदुखी घेऊन आपल्याकडे येतो, तेव्हा नवपदवीधराने बस्तियंत्र त्याच्यावरच प्रथम हाताळावे काय? माठ आणि पाणी यांस खर्च तो किती!

औषधनिर्मात्यांनाही हेच लागू आहे. स्नेहपाकात कल्काची वात वळते का, अग्नीवर टाकता तडतड थांबली का, तेलावर फेस आला का, तुपावरचा निवाला का, ही लक्षणे नव्या कारागिराने केवळ तोंडपाठ करून भागत नाही. तापमापक उष्णता सांगतो, कल्क वळला की नाही हे सांगत नाही. शंभर लिटरच्या कढईपूर्वी त्याला अर्धा लिटर तेलाचे चार-पाच पाक स्वतःच्या हाताने उतरवू द्यावेत. त्यांपैकी एक मुद्दाम खर होऊ द्यावा, म्हणजे बोटांना फरक कळेल.